टोस्ट, पायपुसणं आणि तिसरा मजला

कुत्र्याच्या पिल्लाला शू-शीची सवय कशी लावायची यावर जेवढे व्हिडिओ आहेत त्यातल्या निम्म्यांची सुरुवात एकच, पिल्लाला दर दोन तासांनी घरामागच्या लॉनवर घेऊन जा. आम्ही राहतो डोंबिवलीत, तिसऱ्या मजल्यावर, बिल्डिंगला लिफ्ट नाही आणि लॉन म्हणाल तर खाली पार्किंगच्या कडेला एक बदामाचं झाड आहे आणि त्याच्या बुंध्याभोवती हातभर माती. त्यात डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत बजावलं की लसीचे सगळे डोस होईपर्यंत या पिल्लाला खाली जमिनीवर सोडायचं नाही. आता बोला.

टोस्ट आला तो डिसेंबरात. बेकरीच्या मागे गटाराच्या कडेला एकटाच कुईकुई करत बसला होता, आई गाडीखाली गेली असं तिथला पोरगा म्हणाला. माझी लेक त्याला शाळेच्या स्वेटरमध्ये गुंडाळून घेऊन आली आणि रंग पण तसाच भाजल्यासारखा म्हणून नाव टोस्ट. डॉक्टर दात बघून म्हणाले सात-आठ आठवड्यांचा असेल. घरात आम्ही चौघं, मी, नवरा, लेक आणि सासूबाई, त्यांना मी आईच म्हणते. आईंचं पहिलं वाक्य, "राहू दे आजची रात्र, पण देवघराच्या खोलीत नाही हं." आणि साहेबांनी आल्या आल्या पहिली शू केली ती बरोबर देवघरासमोर, आईंच्या बसायच्या आसनावर.

जमिनीवर का सोडायचं नाही तर पार्वो. हा विषाणू आजारी कुत्र्याच्या शी मधून मातीत जातो आणि तिथे महिनोन् महिने टिकतो, आणि वेळेवर उपचार मिळाले नाहीत तर लहान पिल्लू त्यातून वाचणं फार अवघड असतं. लसीचे डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतराने देत देत चौथ्या महिन्याच्या आसपास पूर्ण होतात, मध्ये रेबीजचं इंजेक्शन वेगळं. म्हणजे सवयी पक्क्या होण्याचे जे दिवस असतात ना, नेमके तेच दिवस पिल्लू घरात कोंडलेलं. कडेवर घेऊन खाली फिरवायला हरकत नाही, उलट रिक्षा, भोंगे, माणसं सगळं बघू दे म्हणाले, फक्त खाली ठेवायचं नाही.

आईंचा तोडगा सोपा होता, बाथरूममध्ये न्यायचं. पाणी ओतलं की झालं. बरेच जण हेच करतात आणि ऐकायला बरोबरच वाटतं. पण बाथरूमची लादी आणि हॉलची लादी आपल्या दृष्टीने वेगळी, पिल्लाच्या पायाला दोन्ही सारखीच की! गार, गुळगुळीत. ते जागा कमी आणि पायाखाली काय लागतं ते जास्त लक्षात ठेवतं. साधारण आठ-नऊ आठवड्यांच्या सुमारास पिल्लांची ही पायाखालची आवड ठरायला लागते, जे तेव्हा सवयीचं होईल तेच ते पुढे शोधत राहतं. टोस्टचं निरीक्षण केलं तर हे अगदी स्पष्ट दिसत होतं. संपूर्ण हॉल रिकामा असताना तो मुद्दाम चालत चालत दारातल्या पायपुसण्यापर्यंत जायचा आणि तिथे करायचा. नाहीतर आसन. नाहीतर लेकीची गादीवरून घसरलेली गोधडी. सगळं मऊ आणि शोषून घेणारं, म्हणजे अंगावर शिंतोडे उडत नाहीत. रस्त्यावरचं पिल्लू, आधी मातीच बघितलेली, आमच्या घरात मातीच्या सगळ्यात जवळचं जे होतं ते त्याने शोधलं इतकंच.

म्हणून पहिलं काम, घरातली सगळी पायपुसणी, सतरंज्या, आसनं उचलून माळ्यावर टाकली. पाहुणे येऊन विचारायचे काय हो रंग काढताय का. दुसरं काम म्हणजे नर्सरीतून खऱ्या लॉनचा तुकडा आणला, ते चौरस फुटावर गुंडाळीसारखं विकतात ते. बसका प्लास्टिकचा ट्रे, त्यात लॉन, आणि ट्रे गॅलरीत. पिल्लांसाठी शू शोषून घेणारे पॅड मिळतात दुकानात, ते मी आणले नाहीत कारण ते हाताला लागतात थेट पायपुसण्यासारखे. आधी कापडावर करायला शिकवायचं आणि मग कापडावर करू नको म्हणून शिकवायचं, हे दोनदा काम कोण करणार. ज्यांचं पॅडवर जमलं त्यांचं जमलं असेल, माझं मत आपलं सांगितलं.

आता ट्रे ठेवला म्हणून काही तो जाऊन बसणार नव्हता. इथे सगळा खेळ टायमिंगचा. पिल्लू झोपेतून उठलं की शू, खेळता खेळता अचानक थांबलं की शू, खाल्लं की दहा-वीस मिनिटात शी, कारण पोटात अन्न पडलं की आतडी हलायला लागतात, ते माणसाच्या बाळाचं पण तसंच असतं. दोन महिन्याचं पिल्लू किती वेळ धरू शकतं याचा एक ढोबळ हिशोब आहे, वय जितके महिने त्यात एक मिळवायचा तेवढे तास, म्हणजे दोन महिन्याचं असेल तर फार तर तीन तास, आणि ते सुद्धा झोपेत. जागं असेल तर अर्धा-पाऊण तास पण जास्त. हे कळलं की निम्मा राग आपोआप जातो, कारण तो मुद्दाम करत नाहीये, त्याला थांबवताच येत नाहीये.

मी वर्क फ्रॉम होम आठवड्यातून दोनदाच, नवरा पूर्ण वेळ लोकलमध्ये आणि ऑफिसात, त्यामुळे दिवसभर टोस्ट आणि आई. आणि आईंनी जे केलं ते मला सुचलं नसतं. आमच्याकडे स्वयंपाकघरात कालनिर्णय लटकवलेलं असतं, त्यावर त्या दुधाचा हिशोब लिहितात, दीड लिटर, खाडा, असं. त्यांनी त्याच चौकटीत टोस्टचं पण लिहायला सुरुवात केली. बारीक अक्षरात, "७ शू गॅ. ९ शू-शी गॅ. ११ शू सोफ्याखाली." गॅ म्हणजे गॅलरी. एकादशीच्या चौकटीत जागा उरली नाही म्हणून बाण काढून मागच्या पानावर. थोडे दिवस असं लिहिल्यावर त्याचं टाइमटेबल इतकं स्वच्छ दिसायला लागलं की घरातली घाण बहुतेक अकरा ते बारामध्येच होते, म्हणजे कामवाल्या मावशींची लादी पुसून झाली की. आई पूजेला बसतात, मावशी कामात, त्याच्याकडे कोणी बघायला नाही, आणि लादी ओली. मग मावशी आल्या की त्याला आधी गॅलरीत न्यायचं आणि काम होईपर्यंत आईंच्या खुर्चीच्या पायाला पट्टा अडकवून ठेवायचा असं ठरलं, आणि ती अकराची शू बंद झाली. मावशींचा जीव भांड्यात पडला, त्या तर काम सोडायच्याच विचारात होत्या.

बक्षीस काय तर कुरमुरे. लोक दुकानातले ट्रीट आणतात, आमचा टोस्ट दोन कुरमुऱ्यांसाठी जीव टाकतो. सगळ्यांच्या खिशात कुरमुरे, माझ्या गाऊनच्या, नवऱ्याच्या बर्म्युडाच्या, वॉशिंग मशीन उघडलं की फिल्टरमधून पण कुरमुरे निघायचे. पण द्यायचे कधी हे महत्त्वाचं. शू संपली त्याच क्षणी, तिथेच, ट्रेवर उभा असताना. घरात येऊन मग डबा उघडून दिलेत तर त्याला वाटतं घरात आल्याचं बक्षीस आहे. आणि तो करत असताना हळू आवाजात एकच शब्द, आम्ही "शू कर" ठेवला होता. नंतर नंतर नुसतं म्हटलं की करायला लागला. याचा पुढे एक तोटा झाला म्हणजे बिल्डिंगमधल्या पोरांना ते कळलं आणि आम्ही खाली उतरलो की पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून चार पोरं कोरसमध्ये ओरडायची शूऽऽ कर.

रागावण्याबद्दल. शेजारच्या काकांनी सांगितलं नाक घासा त्याचं त्यात, दोनदा घासलं की शिकतो. हे सगळे सांगतात. अजिबात करू नका. झाल्यावर दहा मिनिटांनी ओरडलात तर त्याला तो कशाबद्दल ओरडा आहे हे कळतच नाही, त्याला एवढंच कळतं की माणसासमोर शू करणं धोक्याचं आहे, मग तो तुमच्यासमोर गॅलरीत पण करत नाही आणि जाऊन दिवाणाखाली करतो. आई म्हणायच्या, "अगं त्याला कळतं बरोबर, बघ कसा चोरासारखा मान घालून बसलाय." मग मी त्यांना ते २००९ चं संशोधन वाचून दाखवलं, अमेरिकेतल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ बाईंचं. त्यांनी १४ कुत्री घेतली, खाऊ ठेवून मालकाला खोलीबाहेर पाठवलं आणि मालकाला कधी खरं सांगितलं कधी खोटं, की तुमच्या कुत्र्याने खाऊ खाल्ला. तर तो चोरटा चेहरा कुत्र्याने काय केलंय त्यावर नाही, मालक ओरडला की नाही त्यावर ठरत होता, आणि ज्यांनी काहीच केलं नव्हतं पण बोलणी खाल्ली त्यांचा चेहरा सगळ्यात जास्त अपराधी. आईंनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या "ती अमेरिकेची कुत्री." असो. पण ओरडणं त्यांनी थांबवलं. रंगेहाथ पकडला तर एक टाळी वाजवायची, तो दचकून थांबतो, उचलायचा आणि ट्रेवर.

पुसण्याचा विषय पण मोठा आहे. आपल्याकडे एकच उपाय, फिनेल. त्याने आपल्या नाकाला वास येईनासा होतो, त्याच्या नाही, आणि जिथे जुना वास येतो तिथेच तो परत करणार. शिवाय काळ्या फिनेलमधले घटक कुत्र्यांना विषारी असतात आणि पिल्लू दिवसभर लादी चाटतं नाहीतर स्वतःचे पाय. अमोनियावालं क्लीनर पण नको, शू कुजली की त्यातून अमोनियाचाच वास येतो, म्हणजे आपण पाटी लावल्यासारखंच झालं इथे करा म्हणून. एन्झाइमवालं क्लीनर ऑनलाइन मिळतं, महाग आहे पण गादीसाठी तेच लागतं. लादीला व्हाइट व्हिनेगर आणि पाणी अर्धं अर्धं पुरे झालं. सोफ्याखालच्या कोपऱ्यासाठी मी रात्री सगळे दिवे बंद करून नोटा तपासायची जांभळी बॅटरी फिरवली होती, तिच्या उजेडात सुकलेले डाग चमकतात. नवरा म्हणाला सीआयडी चालू आहे का घरात. पण डाग सापडले, नको इतके सापडले.

रात्रीसाठी पिंजरा आणा असं सगळीकडे लिहिलेलं असतं, आईंना ते पटेना, "पोपट आहे का तो?" म्हणून टीव्हीचं खोकं एका बाजूने कापून आमच्या पलंगाला लावून ठेवलं. तत्त्व तेच, पिल्लं तीन आठवड्यांची झाली की स्वतःच झोपायच्या जागेपासून लांब जाऊन करायला लागतात, झोपतो तिथे घाण करायची नाही हे त्यांचं त्यांना असतं. फक्त जागा लहान हवी, नाहीतर एका कोपऱ्यात झोपून दुसऱ्या कोपऱ्यात करतात. रात्री खोक्यातून बाहेर येता येत नाही म्हणून तो कुईकुई करायचा, मी उठून दिवा न लावता, न बोलता, गॅलरीत. खेळ नाही, लाड नाही, शू झाली की परत खोक्यात. जेवण संध्याकाळी सातच्या आत उरकायचं म्हणजे रात्रीची शी टळते, पाणी मात्र बंद करू नका म्हणाले डॉक्टर. आणि दूध नाही! आई लपून वाटीभर दूध द्यायच्या, बाळच आहे ना ते म्हणून, आणि त्याचं पोट बिघडायचं. दूध सोडलेल्या पिल्लांना गाईम्हशीचं दूध नीट पचत नाही. जुलाब लागलेल्या पिल्लाला कसली शिस्त लावणार. दही-भात चालतो म्हटल्यावर आईंचं समाधान झालं.

एक प्रकार वेगळा ओळखायला लागतो. नवरा रात्री स्टेशनवरून आला की टोस्ट वळवळत त्याच्या पायाशी जाऊन तिथेच थोडीशी सोडायचा. हे शिस्तीचं काम नाही, ते आनंदात सुटतं, वयाबरोबर बऱ्याच जणांचं जातं. उपाय एवढाच की आल्या आल्या त्याच्याकडे बघायचंच नाही, बूट काढा, बॅग ठेवा, पाणी प्या, तो शांत झाला की खाली बसून हात लावा. नवऱ्याला हे जमवायला टोस्टपेक्षा जास्त दिवस लागले.

लसी पूर्ण झाल्या आणि खाली न्यायला सुरुवात केली तेव्हा गंमत अशी की साहेब बदामाखाली सगळं हुंगणार, मावळतीकडे बघत बसणार, आणि तीन मजले चढून वर आलो की धावत जाऊन गॅलरीतल्या ट्रेवर करणार. ट्रेवरचं जुनं लॉन थोडं उपटून बदामाखाली नेऊन टाकलं, त्याचाच वास, त्याच्याच पायाखालचं गवत, तेव्हा एकदाची तिथे झाली. आणि खाली शू झाल्या झाल्या लगेच वर यायचं नाही, हे लक्षात ठेवा, नाहीतर कुत्रं हुशार असतं, शू केली की फिरणं संपतं हे त्याला समजतं आणि मग ते तासभर धरून ठेवतं. आधी शू, मग फेरी. शी उचलायला जुन्या पेपरचे तुकडे आणि पिशवी कायम खिशात. सोसायटीत कुत्र्यावरून कुरबुर झाली होती, नोटीस वगैरे लागली. ॲनिमल वेल्फेअर बोर्डाच्या २०१५ च्या सूचनांप्रमाणे सोसायटीला बहुमताने ठराव करून सुद्धा पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, ते आम्ही छापून नेलं होतं, पण खरं सांगायचं तर कागदापेक्षा आई सगळ्यांसमोर वाकून शी उचलतात हे बघून लोक गप्प झाले.

खाली उभं राहून वेळ जात नाही म्हणून लेक मोबाइलमधलं होकायंत्र लावून बसायची. २०१३ मध्ये चेक आणि जर्मन संशोधकांनी ७० कुत्र्यांचा अभ्यास करून लिहिलं होतं की पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र शांत असेल तर कुत्री शी करताना उत्तर-दक्षिण उभी राहतात, त्याला पुढच्या वर्षी इग नोबेल, म्हणजे गमतीशीर संशोधनाला देतात ते बक्षीस, पण मिळालं. आमचा टोस्ट चुंबकीय क्षेत्र कसंही असो, तोंड वडापावच्या गाडीकडेच करतो.

जूनमध्ये वाटलं झालं आता, सुटलो. आणि पाऊस लागला. याला पाऊस सहन होत नाही. शेवटच्या पायरीवर उभा राहून बाहेर बघणार, माझ्याकडे बघणार, आणि वळून वर. छत्री धरली, रेनकोट आणला, रेनकोट घातला की पुतळा, पायच टाकत नाही. बाकीच्यांचं बघून मी गॅलरीतला ट्रे काढून टाकणार होते, बरं झालं नाही काढला. पावसाळ्यात परत तिथेच, आणि माझ्या मते फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने तो कायम ठेवावाच, आजारपण असतं, संप असतो, पाणी भरतं. त्याच सुमारास तो सात-आठ महिन्यांचा झाला आणि पाय वर करायला लागला, गॅसच्या सिलिंडरवर, फ्रिजच्या कोपऱ्यावर. ही शू वेगळी, थेंबभरच, उभ्या वस्तूवर, शू लागलीय म्हणून नाही तर सही करायची म्हणून. नसबंदी केली, डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की दुसऱ्या दिवशी बंद होईल असं समजू नका, आणि तसंच झालं, हळूहळू कमी होत गेलं. एक सांगते, शिकलेलं कुत्रं अचानक घरात सारखी थोडी थोडी शू करायला लागलं तर आधी डॉक्टर, मग शिस्त. टोस्टला मध्ये इन्फेक्शन झालं होतं, तपासणीला सॅम्पल पाहिजे म्हणाले, तर आई आमटीची जुनी पळी घेऊन त्याच्या मागे मागे बदामाभोवती. ती पळी आता गॅलरीतच असते, तिला वर "टोस्ट" लिहिलंय मार्करने, चुकून परत आमटीत जायला नको.

दिवाळीत तर सगळंच गेलं. वसुबारसेपासून फटाके, खाली जायचं नाव नाही, ट्रे गॅलरीत म्हणजे आवाज अजून जवळ, तिथेही जाईना. शेवटी ट्रे उचलून बाथरूममध्ये, खिडकी बंद, पंखा फुल. पहाटे साडेतीनला शांत असतं म्हणून नवरा तेव्हा घेऊन उतरायचा, अभ्यंगस्नानाच्या दिवशी तर परस्पर आंघोळीलाच बसला. तुळशीच्या लग्नापर्यंत गाडी रुळावर आली.

आणि मग शिमग्याला गावी गेलो, राजापूरकडे, नवऱ्याच्या काकांकडे. मी काळजी करत होते की नवीन जागा, तिथे हा करेल की नाही. गाडीतून उतरला, पट्टा सोडला, समोर काकूंनी सकाळीच सारवलेलं खळं, छान शेणामातीचं, पायाला मऊ. त्याने एक गोल चक्कर मारली आणि खळ्याच्या मधोमध बसला. मग पडवीत, ती पण सारवलेली. मग तुळशीवृंदावनाकडे पाय उचलला तेव्हा काका ओरडले, "अरे अरे अरे, मेल्या तुळशीवर नको!" आणि आम्ही चौघं धावलो. आतल्या दोन खोल्यांना लादी आहे, तिथे मात्र चार दिवसांत एक थेंब नाही! काका म्हणे हा कसला शिकवलेला तुमचा. काय सांगणार, माती म्हणजे संडास आणि लादी म्हणजे घर हे आम्हीच शिकवलेलं. काकूंना परत सारवायला मी बसले मदतीला, आणि टोस्टला मागे काजूच्या बागेत लांब दोरीने सोडला, सकाळ-संध्याकाळ तिथेच नेला, दोन दिवसांनी स्वतःहून तिकडे ओढायला लागला. आता गणपतीला परत जायचंय. यावेळी पट्टा न सोडता थेट काजूखाली, कुरमुऱ्यांची पिशवी आईंनी आत्ताच वेगळी काढून ठेवली आहे.